मध्यप्रांतातून केडगावकडे : पंडिता रमाबाईंचे श्रद्धाजीवन

इ.स. १८९६ च्या अखेरीस मध्यप्रांताच्या उत्तर भागात जो दुष्काळ पडला, तो अकस्मात आलेला नव्हता. जबलपूर, सागर, दमोह ह्या गव्हाच्या मुलखात आधीची दोन-तीन वर्षे हिवाळी पावसाने आणि तांबेऱ्याने पीक बुडविले होते. शेतकऱ्याच्या कणगीत शिल्लक उरली नव्हती, आणि मग पावसाने पाठ फिरवली. जबलपूर हे त्या विभागाचे मुख्य ठाणे. मार्च १८७० मध्ये मुंबईकडून आलेला आणि कलकत्त्याकडून आलेला असे दोन लोहमार्ग येथेच एकमेकांना मिळाले होते, आणि मुंबई-कलकत्ता हा प्रवास प्रथमच सलग आगगाडीने करता येऊ लागला होता. ज्या रुळांवरून धान्य बाहेर जाई त्याच रुळांच्या कडेला आता उपाशी माणसे येऊन पडू लागली. नॅथॅनियल हॉथॉर्न ह्या विख्यात अमेरिकन कादंबरीकाराचा पुत्र ज्युलियन हॉथॉर्न १८९७ मध्ये एका नियतकालिकासाठी हिंदुस्थानात आला असता जबलपुरासही गेला आणि तेथील अन्नान्न माणसांचे जे वर्णन त्याने लिहिले त्याने अमेरिकेतील वाचक हादरून गेले. १८९१ ते १९०१ ह्या दशकात, म्हणजे हा आणि त्यामागून आलेला १८९९-१९०० चा असे दोन दुष्काळ सोसून झाल्यावर, मध्यप्रांताची लोकसंख्या सुमारे आठ टक्क्यांनी घटलेली आढळली.

ह्या मुलखाकडे पुण्याहून एक विधवा स्त्री निघाली. तिचे वय अडतीस होते. तिच्या हाती मोठा निधी नव्हता. जो होता तो अमेरिकेतील देणगीदारांनी दुसऱ्याच कार्यासाठी दिलेला होता. सल्लागारांचा आधार तीन वर्षांपूर्वी तुटला होता. अशा वेळी घराबाहेर पडण्याची आज्ञा आपल्याला ईश्वराकडून झाली आहे, अशी तिची खात्री होती. ही स्त्री म्हणजे पंडिता रमाबाई.

रमाबाईंच्या चरित्राची बाह्य रेषा महाराष्ट्रात सर्वपरिचित आहे. तथापि वाङ्मयाच्या इतिहासकारांनी ह्या चरित्राचे नकळत दोन तुकडे केले आहेत. संस्कृत विदुषी, ‘स्त्रीधर्मनीति’ची लेखिका, अमेरिकेवरील प्रवासग्रंथाची कर्ती ही पहिली रमाबाई, आणि केडगावच्या आश्रमात प्रार्थनेत मग्न झालेली, वाङ्मयाच्या दृष्टीने जणू निवृत्त झालेली ही दुसरी. हा विभाग सोयीचा आहे. तो खरा मात्र नाही. ईश्वर मार्ग दाखवितो ही श्रद्धा आणि शास्त्र स्वतः वाचण्याचा आग्रह ह्या दोन गोष्टी रमाबाईंच्या आयुष्यात कधीच वेगळ्या पडल्या नाहीत. किंबहुना, त्यांच्या श्रद्धेचे सारे दैनंदिन रूप वाचनातूनच घडले.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी पश्चिम घाटातील गंगामूळ येथील अरण्यात झाला. पिता अनंतशास्त्री डोंगरे. तरुणपणी पुण्यास रामचंद्रशास्त्री साठे ह्यांच्यापाशी शिकत असताना, गुरुजी दुसऱ्या बाजीरावाच्या राणीला संस्कृत शिकवितात हे अनंतशास्त्र्यांनी पाहिले होते. आपल्या पत्नीलाही असेच शिकवावे हा ध्यास त्यांनी घेतला आणि त्यापायी स्वजनांचा रोषही पत्करला. रमाबाईंना संस्कृत मिळाले ते मातेच्या मुखातून, पहाटेच्या वेळी. पुढे कर्ज आणि दारिद्र्य ह्यांमुळे कुटुंब तीर्थाटनास निघाले. देवळांच्या ओवऱ्यांत पुराणे वाचून मिळेल त्या दक्षिणेवर त्यांचा निर्वाह चाले. अठरा हजार श्लोकांचे भागवत मुलीला मुखोद्गत होते. शिधा मात्र रोज मिळेलच असे नव्हते.

१८७४ च्या सुमारास दक्षिणेत दुष्काळाचे दिवस आले. अनंतशास्त्र्यांची दृष्टी गेली होती. भीक मागणे किंवा हलके काम करणे त्यांच्या ब्राह्मण्यास मानवत नव्हते. उरलेसुरले द्रव्य, भांडी, वस्त्रे देवतांच्या सेवेत आणि ब्राह्मणांच्या दानात संपली. अखेर जवळचे तांदूळ संपल्यावर हे कुटुंब अरण्यात शिरले आणि झाडाचा पाला खाऊन राहिले. पित्याने जलसमाधीचा विचार बोलून दाखविला. पुत्र श्रीनिवासाने अभिमान गिळून मजुरी करण्याचे ठरविले, म्हणून तो बेत राहिला. परंतु पिता वाचला नाही. काही आठवड्यांत माता गेली. तिचे प्रेत उचलण्यास पुरेसे लोक मिळाले नाहीत. दोन ब्राह्मण कसेबसे आले, तिसरा श्रीनिवास, आणि चौथी जागा मुलीला घ्यावी लागली. तिची उंची कमी असल्यामुळे तिरडी खांद्यावर घेता येईना. ती तिने डोक्यावर घेतली. पाठोपाठ थोरली बहीणही दगावली.

हे प्रसंग रमाबाईंनी पुढे स्वतःच लिहून ठेवले आहेत, आणि त्यांच्या कथनात आक्रोश नाही. त्यांचा रोख एका प्रश्नाकडे आहे. ज्यांनी आयुष्यभर शास्त्र पाळले, व्रते केली, दाने दिली, त्यांना देवाने वाट का दाखविली नाही? की वाट दाखविली होती आणि ती वाचता आली नाही? रमाबाईंच्या पुढील सर्व निर्णयांच्या मुळाशी हा प्रश्न आहे असे म्हणण्यास प्रत्यवाय नसावा.

भावाबहिणींनी पुढे हजारो मैल पायी प्रवास केला आणि १८७८ मध्ये ती दोघे कलकत्त्यास पोचली. तेथील पंडितसभेने ह्या वीस वर्षांच्या मुलीची परीक्षा घेऊन तिला ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ ह्या पदव्या दिल्या. विलक्षण योग असा की ज्या शहराने हा गौरव केला त्याच शहरात त्यांची शास्त्रावरील श्रद्धा ढासळली. केशवचंद्र सेनांनी त्यांच्या हाती वेदाचा ग्रंथ दिला आणि तो वाचण्याचा आग्रह केला. स्त्रीला निषिद्ध मानलेले वाचायचे, ही भीती प्रथम आड आली. परंतु धर्मशास्त्रे स्वतः वाचू लागल्यावर त्यांच्या ध्यानात आले, की बहुतेक सर्व बाबतींत परस्परांशी न जुळणारे हे ग्रंथ स्त्री आणि शूद्र ह्यांच्या अनधिकाराविषयी मात्र एकमताने बोलतात. हा निष्कर्ष ऐकीव नव्हता. तो मूळ संस्कृतातून आला होता. म्हणूनच तो त्यांना कधी मागे घेता आला नाही.

१८८० मध्ये श्रीनिवास वारला. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिनबिहारी दास मेधावी ह्या बंगाली वकिलाशी नोंदणी पद्धतीने विवाह केला. एप्रिल १८८१ मध्ये मनोरमेचा जन्म झाला आणि फेब्रुवारी १८८२ मध्ये पटकीने पतीचे निधन झाले. सिल्चर येथील त्या अल्पशा संसारात त्यांना पतीच्या पुस्तकांत बंगाली भाषेतील लूकचे शुभवर्तमान सापडले होते. पुढच्या घटना महाराष्ट्राच्या सामाजिक इतिहासाचा भाग आहेत : पुण्यास आगमन, आर्य महिला समाज, ‘स्त्रीधर्मनीति’, हंटर आयोगापुढील साक्ष आणि १८८३ मधील विलायतेचा प्रवास.

२९ सप्टेंबर १८८३ रोजी वाँटेज येथील अँग्लिकन भगिनींच्या मठात रमाबाई आणि मनोरमा ह्यांचा बाप्तिस्मा झाला. ह्या निर्णयामागे निळकंठशास्त्री गोरे ह्यांच्या पत्राचा वाटा मोठा होता. बुंदेलखंडात झाशीजवळ जन्मलेले, काशीत वाढलेले हे चित्पावन पंडित १८४८ मध्ये ख्रिस्ती झाले होते आणि षड्दर्शनांच्या भाषेतच ख्रिस्ती सिद्धान्त मांडीत. एका संस्कृत पंडिताने दुसऱ्या संस्कृत पंडितेला युक्तिवादाने पटवावे आणि तेही मराठीतून, ही भारतीय वाङ्मयाच्या तौलनिक अभ्यासकाने थांबून पाहावी अशी घटना आहे.

परंतु बाप्तिस्मा म्हणजे शरणचिठ्ठी नव्हे हे वाँटेजच्या भगिनींना लवकरच कळून चुकले. सिस्टर जेरल्डाइन आणि रमाबाई ह्यांच्यातील जो पत्रव्यवहार ए. बी. शहा ह्यांच्या संपादनाखाली १९७७ मध्ये महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने प्रसिद्ध केला, तो ह्या दृष्टीने अत्यंत मोलाचा आहे. त्रैक्याचा सिद्धान्त, अथेनेशियन मतांगीकार, चर्चचा अधिकार ह्या सर्वांवर ही पंचविशीतील शिष्या आपल्या धर्ममातेशी वाद घालते. तिचे म्हणणे साधे आहे : आपण एका पुरोहितवर्गाच्या अधिकारातून नुकत्याच सुटलो, दुसऱ्याच्या हाती विवेक सोपविण्यासाठी नव्हे. कोणता मार्ग ईश्वराचा, हे वचन वाचून आपल्या अंतःकरणाला पटावे लागेल. चेल्टनम येथील महाविद्यालयात त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवू नये असे हिंदुस्थानातील बिशपांनी कळविले, तेव्हाही त्या गप्प राहिल्या नाहीत.

ह्याच पत्रांत रोजच्या जेवणाचाही वाद आहे. रमाबाईंनी मांसाहार स्वीकारला नाही. अंडे घातलेले गोड पक्वान्नही त्या खात नसत. ह्यात जातीचा अहंकार उरला आहे असे भगिनींना वाटे. गळ्यातील क्रुसावर लॅटिन अक्षरे का असावीत, आपल्याला ती भाषा येत नाही, संस्कृत शब्द का नकोत, असाही त्यांचा आक्षेप होता. हे तपशील क्षुल्लक मानण्याची प्रवृत्ती चरित्रकारांत दिसते. वस्तुतः ख्रिस्ती असणे म्हणजे काय, हे रमाबाई ताटापासून आणि अक्षरापासून ठरवू पाहत होत्या. इंग्रज होण्याची अट त्यांना त्या श्रद्धेत कोठेच वाचावयास मिळाली नव्हती.

१८८६ मध्ये आनंदीबाई जोशींच्या पदवीदानासाठी त्या फिलाडेल्फियास गेल्या आणि जवळजवळ तीन वर्षे अमेरिकेत राहिल्या. त्यांच्या व्याख्यानांमुळे आणि इंग्रजी ग्रंथामुळे बोस्टन येथे रमाबाई असोसिएशन स्थापन झाली. हिंदू विधवांसाठी धर्मनिरपेक्ष शाळा चालविण्यास दहा वर्षे साह्य करण्याचे तिने मान्य केले. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन उघडले आणि पुढच्याच वर्षी ते पुण्यास हलले. न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर ह्यांसारखे सुधारक सल्लागार मंडळात होते.

येथे एक सूक्ष्म पण निर्णायक घटना घडली. १८९१ च्या सुमारास हॅस्लम नावाच्या एका इंग्रज धर्मोपदेशकाचे आत्मचरित्र रमाबाईंच्या वाचनात आले. हा गृहस्थ अनेक वर्षे उपदेश करीत होता आणि एके दिवशी त्याच्या लक्षात आले, की आपल्याला धर्म ठाऊक आहे, ख्रिस्त ठाऊक नाही. रमाबाईंना आपलीच गोष्ट वाचल्यासारखे वाटले. आठ वर्षांपूर्वी त्यांनी एक धर्ममत स्वीकारले होते. आता त्यांना एका व्यक्तीवर भार टाकायचा होता. बुद्धीने केलेल्या स्वीकारानंतर हृदयाचा स्वीकार यावा, हा क्रम भक्तिपरंपरेशी परिचित असलेल्या वाचकाला अनोळखी वाटू नये.

ह्याचे परिणाम सदनात दिसू लागले. रमाबाई रोज पहाटे आपल्या खोलीत प्रार्थना करीत आणि खोलीचे दार उघडे असे. काही मुली आपण होऊन येऊन बसत. बाहेर ओरड झाली, ‘केसरी’ने टीका केली, ऑगस्ट १८९३ मध्ये सल्लागारांनी राजीनामे दिले आणि वीसहून अधिक मुलींना पालकांनी काढून नेले. ह्या वादात रमाबाईंच्या बाजूने लिहिणाऱ्यांनी सुधारकांना भित्रे ठरविले आहे. ते न्याय्य वाटत नाही. धार्मिक तटस्थतेचे वचन दिलेले होते, मुली कोवळ्या वयाच्या होत्या, आणि एका उपकारकर्त्या स्त्रीच्या उघड्या दारात केवढे आकर्षण असते हे रानड्यांसारख्या माणसाला कळत होते. उलट पक्षी, आपल्या घरात आपली प्रार्थना दार लावून चोरासारखी का करावी, हा रमाबाईंचा सवालही बिनतोड होता. त्यांनी दार बंद केले नाही. त्याची किंमत मात्र मोठी होती : महाराष्ट्रातील उदारमतवादी समाजाशी असलेला त्यांचा पूल त्या वर्षी जो मोडला, तो त्यांच्या हयातीत पुन्हा उभा राहिला नाही.

ह्या एकाकीपणाच्या काळात ईश्वरी मार्गदर्शनाची त्यांची कल्पना आकाराला आली, आणि तीही पुस्तकांच्या सोबतीने. ब्रिस्टल येथे कोणाकडे वर्गणी न मागता अनाथालय चालविणारा जॉर्ज म्यूलर, चीनमध्ये मिशन चालविणारा हडसन टेलर आणि दक्षिण समुद्रातील बेटांवर काम करणारा जॉन पेटन ह्यांची चरित्रे त्यांनी वाचली. हिंदुस्थानात असे विश्वासावर कार्य का होऊ नये, असे त्यांच्या मनात आले. लोणावळ्याच्या ख्रिस्ती मेळाव्यास त्या आपल्या विश्वासी झालेल्या पंधरा मुलींसह गेल्या असता रानात एकान्ती बसून त्यांनी मागणे मागितले, की ह्या पंधरांचा वर्ग व्हावा. म्हणजे दोनशे पंचवीस. प्रार्थनेतही गणित! मागणे आकड्यात असावे, म्हणजे ते पुरे झाले की नाही हे कळते, अशी ही वृत्ती आहे. पुढील आयुष्यभर ती टिकली.

त्यानंतर मध्यप्रांतातील दुष्काळाच्या वार्ता आल्या. दोनशे पंचवीस मुलींना जागा नाही, पैसा नाही, हे रमाबाई जाणून होत्या. परंतु त्या वार्ता वाचताना बावीस वर्षांपूर्वीचे अरण्य त्यांच्या डोळ्यांपुढे उभे राहिले. आज्ञा झाली असे त्या म्हणतात तेव्हा तिच्यात गूढ आवाजापेक्षा ह्या स्मृतीचा भाग अधिक असावा. आपण वाचलो ते कशासाठी, ह्या जुन्या प्रश्नाला उत्तर देण्याची ती वेळ होती.

मध्यप्रांतातील गरीबखाने आणि दुष्काळी कामांचे तळ पाहिल्यावर त्यांना जे दिसले ते उपासमारीहून भयंकर होते. सरकारी व्यवस्थेत पोटाला थोडेफार मिळे, पण एकट्या मुलीला संरक्षण नव्हते. दलाल मुली हेरीत फिरत. मुलींना पळवून विकले जात होते आणि खडी फोडण्याच्या कामावरील मुकादमही निर्धोक नव्हता. रमाबाईंनी ह्या अनुभवांचे जे वृत्तान्त प्रसिद्ध केले त्यांत दयेच्या भाषेपेक्षा साक्षीदाराची भाषा आहे. शारदा सदन उच्चवर्णीय विधवांसाठी होते. येथे जात विचारण्यास अवकाश नव्हता. तीनशे मुली आणण्याचा त्यांनी संकल्प केला आणि तुकड्यातुकड्यांनी मुली आगगाडीने पुण्याकडे येऊ लागल्या.

पुण्यास त्याच वेळी प्लेग आला होता. नव्या मुलींना शहरात ठेवण्यास अधिकाऱ्यांनी मनाई केली. दोन दिवसांत शेकडो मुली कोठे न्यायच्या? सुदैवाने केडगाव येथे, पुण्यापासून सुमारे पस्तीस मैलांवर, रमाबाईंनी दोन-तीन वर्षांपूर्वी माळरानाची शंभरेक एकर जमीन घेऊन ठेवली होती. अमेरिकेकडून येणारा पैसा थांबला तर फळबागेच्या उत्पन्नावर सदन चालावे, एवढाच तिचा हेतू होता. त्या उघड्या जमिनीवर तंबू आणि झोपड्या उभ्या राहिल्या. विश्वासाने जगणाऱ्या माणसाने आधीच सातबाराची सोय करून ठेवली होती, असे कोणी थट्टेने म्हणेल. रमाबाईंना त्यात विसंगती दिसली नसती; विहीर खणणे हाही त्यांच्या लेखी प्रार्थनेचाच भाग होता.

प्लेगच्या संदर्भातील आणखी एक गोष्ट येथे नमूद करणे अवश्य आहे. १८९७ च्या मे महिन्यात पुण्यातील प्लेगच्या रुग्णालयात आणि विलगीकरणाच्या छावणीत स्त्रियांना मिळणाऱ्या वागणुकीविरुद्ध रमाबाईंनी ‘बाँबे गार्डियन’ ह्या ख्रिस्ती पत्रात जाहीर पत्र लिहिले. त्याचा पडसाद ब्रिटिश पार्लमेंटपर्यंत गेला आणि गव्हर्नर लॉर्ड सँडहर्स्ट ह्यांनी आरोप नाकारले. ज्यांनी त्यांना परक्यांच्या हस्तक म्हटले होते त्यांच्या वर्तमानपत्रांनाही त्या वेळी त्यांचे धैर्य दिसले असावे. श्रद्धा त्यांना राजनिष्ठ करू शकली नव्हती, हे मात्र सरकारला स्पष्ट दिसले.

१८९८ मध्ये असोसिएशनची दहा वर्षांची मुदत संपली. रमाबाई हिशेब देण्यास अमेरिकेस गेल्या. मागे केडगावचा भार मिनी एब्रम्स ह्या अमेरिकन मिशनरी बाईंनी सांभाळला. यशयाच्या ग्रंथातील एका संदर्भावरून नव्या वसाहतीला ‘मुक्ति’ हे नाव मिळाले होते. ह्यापुढे निश्चित वर्गणीवर विसंबायचे नाही, गरज ईश्वरापुढे मांडायची, कर्ज काढायचे नाही, हा तेथील रिवाज झाला. १९०० च्या दुष्काळात गुजरातेतून आणि राजपुतान्यातून मुली आल्या आणि मुक्तीतील संख्या एकोणीसशेच्या आसपास गेली. एकोणीसशे तोंडांना रोज दोन वेळा अन्न! ह्या व्यवहारात चमत्कार शोधणाऱ्यांनी तेथील दिनक्रम पाहावा : शेती, गाई, घाणा, हातमाग, धुलाई, शिवण, शाळा, छापखाना. आंधळ्या स्त्रियांसाठी वेगळे सदन होते आणि त्यांना ब्रेल लिपी मनोरमेने शिकविली. ज्यांना समाजाने पतित म्हटले त्यांच्यासाठी कृपासदन होते.

वर्गणी न मागण्याच्या रिवाजाविषयी थोडे तारतम्याने बोलले पाहिजे. मुक्तीची इंग्रजी पत्रके आणि अहवाल देशोदेशी जात, त्यांत गरजांचे वर्णन असे, आणि ते वाचून देणग्या येत. ईश्वराला सांगणे आणि वाचकाला कळविणे ह्यांतील रेषा फार पुसट होती. ह्यावरून रमाबाईंवर दांभिकतेचा आरोप करणे चुकीचे ठरेल. त्यांच्या समजुतीप्रमाणे वाचकाच्या मनातील प्रेरणा हेही ईश्वराचेच कार्य होते. परंतु म्यूलरचे अनुकरण केडगावच्या माळावर जसेच्या तसे घडले असे चित्र भक्त चरित्रकारांनी रंगविले आहे, त्यात दुरुस्ती हवी. तसाच दुसरा प्रश्न अधिक गंभीर आहे. शारदा सदनातील मुलींना पालक होते, ते त्यांना काढून नेऊ शकले. मध्यप्रांतातून आलेल्या पोरक्या मुलीला परतण्यास घर नव्हते. तिने पत्करलेली श्रद्धा किती तिची आणि किती त्या एकमेव छपराची? १९०५ मध्ये मुक्तीत जी मोठी आध्यात्मिक जागृती झाली, शेकडो मुली रडत, ओरडत, प्रार्थना करीत रात्री जागवू लागल्या, तिचे स्वागत परदेशी पंथांनी केले आणि पुष्कळांनी तिची निंदाही केली. रमाबाईंनी तिला आवर घातला नाही. हिंदी मुलींनी इंग्रजी रीतीनेच शांत बसून प्रार्थना केली पाहिजे असे त्यांना वाटत नव्हते. क्रुसावरील लॅटिन अक्षरांना हरकत घेणारी तरुणी येथे पुन्हा ओळखू येते.

आणि त्याच सुमारास रमाबाई बायबलच्या भाषांतराला लागल्या. मराठीत बायबल नव्हते असे नाही. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी सेरामपुरास केरीच्या देखरेखीखाली ते काम सुरू झाले होते आणि पुढे मुंबईच्या मिशनरींनी, त्यांच्या मराठी पंडितांनी वेळोवेळी ते सुधारले होते. रमाबाईंचे दोन आक्षेप होते. एक, त्यातील अनेक संस्कृत शब्द वेदान्ताचा आणि पुराणांचा अर्थ बरोबर घेऊन येतात. दुसरा, तशी भाषा खेड्यातल्या बाईला कळत नाही. पहिला आक्षेप ज्याला संस्कृत खोलवर अवगत आहे त्यालाच सुचू शकतो. पन्नाशीला आलेल्या ह्या विदुषीने मूळ हिब्रू आणि ग्रीकचा अभ्यास केला, मुलींसाठी त्या भाषांची साधने तयार केली आणि शब्दाला शब्द देत, सोप्या मराठीत, सारे बायबल पुन्हा लिहावयास घेतले. कलकत्त्याच्या पंडितांनी जिला सरस्वती म्हटले तिने आपल्या संस्कृतालाच गाळणी लावली.

ह्या भाषांतराचे वाङ्मयीन मूल्यमापन नीट झालेले नाही. शब्दनिष्ठेमुळे वाक्ये अवघडतात, आणि ओघवत्या मराठीची सवय असलेल्या वाचकाला ते खडबडीत वाटते, हे कबूल करावे लागते. चर्चमध्ये बायबल सोसायटीचे भाषांतरच चालू राहिले. रमाबाईंच्या भाषांतराचा प्रसार मर्यादित झाला. पण भाषांतरामागील प्रश्न मोठा होता. धर्मग्रंथ वाचण्याचा अधिकार स्त्रीला नाही, ह्या विधानाचे खंडन त्यांनी तरुणपणी व्याख्यानांतून केले होते. आता त्या एक ग्रंथ अशा बाईच्या हाती देऊ पाहत होत्या, जिला कालपर्यंत अक्षरही येत नव्हते. मध्यप्रांतातून आलेल्या कितीतरी मुलींची बोली मराठी नव्हती. त्यांना आधी मराठी शिकावे लागले. केडगावच्या छापखान्यात खिळे जुळविणारे हात मुक्तीतल्या स्त्रियांचेच होते. जबलपूरकडच्या एखाद्या उजाड गावातील मुलीला जे वाचता येईल आणि जुळविताही येईल, ते मराठी कसे असावे, ही कसोटी त्या भाषेमागे होती. शैलीचे दोष मोजताना ही कसोटी विसरून चालणार नाही.

शेवटची वर्षे ह्या कामातच गेली. कानांनी ऐकू येईनासे झाले होते, शरीर थकले होते. १९१९ मध्ये सरकारने कैसर-इ-हिंद पदक दिले; केडगावच्या दिनक्रमात त्याने काही फरक पडला नाही. मनोरमा मुंबई विद्यापीठाची पदवी घेऊन मुक्तीचा भार उचलू लागली होती, गुलबर्ग्यास तिने शाळा चालविली होती आणि मातेच्या मागून तीच सर्व पाहील असे सर्वांनी धरले होते. जुलै १९२१ मध्ये मनोरमा मृत्यू पावली. ज्या बाईने प्रत्येक वळणावर ईश्वराची योजना वाचली, तिला हे वळण कसे वाचता आले असेल? रमाबाईंनी त्याविषयी फार थोडे लिहिले. मुद्रिते तपासण्याचे काम मात्र त्यांनी थांबविले नाही; भाषांतर पुरे होईपर्यंत आयुष्य मिळावे एवढे मागणे त्या करीत होत्या. हेही मागणे मोजता येण्याजोगे होते.

भाषांतर पुरे झाल्यावर थोड्याच दिवसांनी, ५ एप्रिल १९२२ रोजी, रमाबाईंचे केडगाव येथे निधन झाले. तेथील स्त्रियांनी राहिलेली पृष्ठे जुळविली, छापली आणि बांधली. संपूर्ण ग्रंथ १९२४ मध्ये मुक्तीच्या छापखान्यातून बाहेर पडला.